सोनेरी सिंहमर्कट

गोव्याच्या मातीत काजू इतका रुळला आहे की तो परदेशी आहे असे सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही. अननसाचेही तसेच. ही दोन्ही फळे पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणली आणि त्यांची नावेसुद्धा तिकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून निघून आपल्या तोंडी येऊन बसली. १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानास येण्यासाठी निघाला असता वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला, आणि तेथून पुढे कालिकतला आला. त्या किनाऱ्याशी आपला असा जुना आणि काहीसा अपघाताने जुळलेला संबंध आहे. त्याच किनाऱ्यावरील अरण्यात राहणाऱ्या एका चिमुकल्या माकडाची हकीकत आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. सुवर्णमहोत्सवाच्या अंकास सोनेरी प्राणी शोभून दिसेल, हे एक कारण झाले. पण मुख्य कारण असे की, एखादी गोष्ट नष्ट होत असताना माणसे एकत्र आली आणि त्यांनी पन्नास वर्षे नेटाने काम केले तर काय घडते आणि काय घडत नाही, हे या हकीकतीत स्वच्छ दिसते. न्यासाच्या कामात ज्यांची उमर गेली, त्यांना ते ओळखीचे वाटेल.

पोर्तुगीज भाषेत या प्राण्यास ‘मिको लेआंव दोरादो’ म्हणतात. आपल्याकडील वडीलधाऱ्यांस या शब्दांची फोड सांगावयास नको : मिको म्हणजे लहान माकड, लेआंव म्हणजे सिंह, दोरादो म्हणजे सोनेरी. आपण त्यास सोनेरी सिंहमर्कट म्हणू. नाव मोठे असले तरी देह केवढा? पूर्ण वाढलेल्या मर्कटाचे वजन अर्धा ते पाऊण किलोच्या दरम्यान भरते. अंग वीतभर किंवा थोडे अधिक, शेपटी अंगाहून लांब. सर्वांगावर रेशमासारखे तांबूस-सोनेरी केस आणि चेहऱ्याभोवती तशीच दाट आयाळ. १५१९ साली मॅगेलनच्या जहाजांतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या पिगाफेत्ता नावाच्या इटालियन गृहस्थाने ब्राझीलच्या किनाऱ्यावर सिंहासारखे पिवळे, मांजरासारखे दिसणारे सुंदर प्राणी पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. ते हेच असावेत असे जाणकार मानतात. पुढे युरोपातील सरदारांच्या व श्रीमंत स्त्रियांच्या दिवाणखान्यात हा प्राणी खेळणे म्हणून मिरवू लागला. रूपाचा हा शाप त्यास फार लवकर लागला.

त्याचे घर मात्र फार लहान आहे. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगत अटलांटिक अरण्य म्हणून एक प्रचंड पट्टा पसरलेला होता. तो अॅमेझॉनच्या अरण्याहून निराळा. समुद्रावरून येणाऱ्या पावसावर वाढलेला, आपल्या सह्याद्रीच्या घनदाट रानाची आठवण करून देणारा. त्यापैकी सुमारे एक अष्टमांश भागच आज उरला आहे. प्रथम ऊस, मग कॉफी, मग गुरांची कुरणे आणि अखेरीस शहरे यांनी तो खाल्ला. सोनेरी सिंहमर्कट या पट्ट्यातही सगळीकडे आढळत नाही. रिओ द जानेरो राज्यातील किनारी सखल भागात, मुख्यतः सांव जुआंव नदीच्या खोऱ्यात, त्याची वस्ती आहे. जगात अन्यत्र कोठेही नाही. ज्या संताच्या सणास आपल्याकडे डोक्यावर फुलांचा कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, त्याच संताचे नाव या नदीस आहे. अशा सखल, सपाट जमिनीवर शेती सोपी, रस्ते सोपे, घरे बांधणे सोपे. म्हणून या माकडाच्या वाट्याची जमीन सर्वांत आधी गेली.

आता त्याची राहणी पाहू. ती मोठी मनोरंजक आहे.

हे मर्कट कुटुंब करून राहते. चार-सहा, कधी आठ-दहा जणांचा परिवार असतो आणि शंभराहून अधिक एकर रान हा परिवार आपले म्हणून राखतो. शेजारच्या परिवाराशी सरहद्दीवर गाठ पडली म्हणजे दोन्हीकडून मोठा आरडाओरडा होतो. रात्री सर्वजण एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत एकमेकांस चिकटून झोपतात. यासाठी जुनी, पोकळ झालेली झाडे लागतात, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. नव्याने लावलेले वन कितीही हिरवे दिसले तरी त्यात ढोली नसते. ढोल पडावयास झाडाचे आयुष्य जावे लागते.

दिवस उजाडला की परिवार अन्नाच्या शोधात निघतो. पिकलेली गोड फळे, फुलांतील मध आणि किडेमुंग्या हा मुख्य आहार. बेडूक, सरडे, पक्ष्यांची अंडी मिळाली तर तीही वर्ज्य नाहीत. बोटे लांब व बारीक असून पायाचा अंगठा सोडल्यास बाकी बोटांस माकडासारखी चपटी नखे नसतात, खारीसारख्या नख्या असतात. अननसाच्या कुळातील कित्येक वनस्पती त्या अरण्यात उंच झाडांच्या फांद्यांवर बसलेल्या असतात. बांडगुळाप्रमाणे त्या झाडाचा रस शोषीत नाहीत, नुसता आश्रय घेतात. त्यांच्या पानांच्या बेचक्यात पावसाचे पाणी साठते, त्यात किडे, अळ्या, लहान बेडूक जमतात. आपले मर्कट या बेचक्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपते आणि नजरेस न पडलेले भक्ष्य बोटांनी बाहेर काढते. खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर जाऊन पडतात आणि रुजतात. अरण्य त्यास पोसते, तसे तेही अरण्याची पेरणी करते.

संततीची व्यवस्था तर आपल्या एकत्र कुटुंबाची आठवण करून देणारी. परिवारात बहुधा एकच मादी प्रसवते, आणि तिला बहुतकरून जुळे होते. गर्भधारणेपासून सव्वाचार महिन्यांत ही जुळी जन्मतात. जन्मतःच दोघांचे मिळून वजन आईच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरते. असे ओझे घेऊन झाडोझाड उड्या मारणे आणि वर अंगावर पाजणे एकट्या मातेस झेपणारे नाही. म्हणून पहिले काही दिवस गेले की बाप पिलांना पाठीवर घेतो, आणि त्याच्या जोडीस मोठी भावंडे येतात. पिले केवळ दुधासाठी आईकडे जातात. पुढे दूध सुटू लागले म्हणजे वडीलधारी मंडळी किडा पकडून स्वतः न खाता पिलास हाक मारतात व त्याच्या हाती देतात. थोडा मोठा झालेला मुलगा किंवा मुलगी घर सोडून जात नाही, एखाद-दोन वर्षे धाकट्यांना पाठीवर वाहते. ही उमेदवारी व्यर्थ नसते, हे पुढे शास्त्रज्ञांस मोठी किंमत देऊन कळले.

१९६० च्या दशकात या प्राण्याची दशा अगदी वाईट झाली होती. रान तर तुटतच होते. शिवाय परदेशातील प्राणिसंग्रहालये व हौशी लोक यांच्यासाठी तो शेकड्यांनी पकडून नेला जाई. रिओचे एक प्राणिशास्त्रज्ञ, आदेल्मार कोइम्ब्रा-फिल्यो (१९२४–२०१६), या काळात खेडोपाडी फिरून उरलेल्या माकडांचा शोध घेत होते. त्यांनी व त्यांचे सहकारी अल्सेओ माग्नानीनी यांनी हा प्राणी लवकरच नामशेष होईल असा घोष लावला. वाचकांस सांगण्यासारखी गोष्ट अशी की, याच कोइम्ब्रा-फिल्यो यांनी १९७० साली सिंहमर्कटाची दुसरी एक काळी जात, जी नष्ट झाली असे सर्वांनी गृहीत धरले होते, ती सांव पावलो राज्यात पुन्हा शोधून काढली. माणूस चिवट होता खरा. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत सोनेरी मर्कटांची रानातील संख्या दोनशेच्या आसपास उरली असा अंदाज करण्यात आला. १९७४ साली ब्राझील सरकारने ‘पोसो दास आंतास’ नावाचे राखीव क्षेत्र त्यांच्यासाठी घोषित केले. अशा पद्धतीचे ते त्या देशातील पहिलेच राखीव जैवक्षेत्र होय.

परंतु कागदावर क्षेत्र राखले म्हणजे काम झाले असे नव्हे. याच सुमारास, १९७२ साली, वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात या मर्कटांच्या रक्षणासाठी एक परिषद भरली. तेव्हा निरनिराळ्या संग्रहालयांत मिळून सत्तरएक मर्कटे होती आणि तीही वर्षागणिक कमी होत होती. पिले जन्मत, पण जगत नसत. याचे कारण शोधण्याचे काम डेव्हरा क्लाइमन (१९४२–२०१०) या विदुषीने अंगावर घेतले. त्यांना आढळले ते ऐकून आपल्या आजीबाई हसल्या असत्या, इतके ते घरगुती शहाणपणाचे होते. दोन वयात आलेल्या माद्या एका पिंजऱ्यात ठेवल्या तर त्या एकमेकींस सुखाने राहू देत नाहीत. म्हणून एक नर व एक मादी असे जोडपेच ठेवले पाहिजे. केवळ फळांवर हा प्राणी जगत नाही. त्यास किडे वा तत्सम पौष्टिक अन्न हवे. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : मोठी झालेली पिले लवकर आईबापांपासून तोडू नयेत. ज्याने लहानपणी धाकट्या भावंडास पाठीवर घेतले नाही, त्याला पुढे स्वतःचे अपत्य सांभाळता येत नाही. एवढे बदल केल्यावर संख्या वाढू लागली आणि १९८० नंतरच्या दशकात बंदिस्त मर्कटांची संख्या पाचशेच्या घरात गेली. जवळच्या नात्यात शरीरसंबंध होऊ नयेत म्हणून प्रत्येक मर्कटाची वंशावळ एका वहीत नोंदली जाऊ लागली. सोयरीक जुळवताना आपले उपाध्ये जितकी चौकशी करीत, तितकीच चौकशी येथेही होते असे म्हणावयास हरकत नाही. पुढे जगभरच्या संग्रहालयांनी या मर्कटांवरील मालकी ब्राझील सरकारकडे सोपवली. आज लंडनचे वा वॉशिंग्टनचे सोनेरी मर्कट तेथे केवळ उसने राहते.

१९८४ साली संग्रहालयात जन्मलेली पहिली तुकडी ब्राझीलच्या रानात सोडण्यात आली. तिचे बहुतेक मर्कट एक तर दगावले, नाही तर परत आणावे लागले. पिंजऱ्यातील सरळ, पक्क्या दांडीवर वाढलेल्या या जिवांना रानातील फांदी वाकते, हलते, मोडते हेच ठाऊक नव्हते. ते पडत, वाट चुकत, समोर लोंबणाऱ्या फळास अन्न म्हणून ओळखीत नसत. साप वा ससाणा दिसला तर काय करावे हे त्यांस कोणी शिकवले नव्हते. सोडण्यापूर्वी पिंजऱ्यात लपवलेले अन्न शोधावयास लावणे वगैरे शिकवण्या देऊन पाहिल्या. त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. सोडल्यानंतर बरेच महिने त्यांच्या मागे राहून अन्न पुरवणे, सहलीला नेतात तशा बर्फाच्या पेट्यांपासून बनवलेली घरटी झाडावर टांगणे, जखमी झाल्यास उपचार करणे, असा सांभाळ केला तेव्हा त्यांतील काही तगले आणि प्रसवले. त्यांची रानात जन्मलेली पिले मात्र आईबापांहून कितीतरी हुशार निघाली. जे आईबापांस कोणी शिकवू शकले नाही, ते पिलांस रानाने शिकवले. १९८४ ते २००० पर्यंत अशी १४६ मर्कटे सोडण्यात आली. आजच्या रानातील मर्कटांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांचेच वंशज आहेत.

ही मर्कटे सरकारी राखीव क्षेत्रात न सोडता बहुतांशी खासगी शेतमळ्यांतील रानात सोडण्यात आली, हा भाग आम्हांस विशेष वाटतो. मळेवाल्यांस प्रथम शंका आली, आणि ती रास्तच होती : उद्या सरकार जमीन काढून घेईल. परंतु घरोघर जाऊन बोलणी झाली, शाळांत मुलांस माहिती दिली गेली, आणि हळूहळू आपल्या रानात सोनेरी मर्कटाचे कुटुंब असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. कित्येकांनी आपल्या जमिनीचा तुकडा कायमचा रान म्हणून राखण्याचे कायदेशीर पत्र करून दिले. १९९२ साली या कामासाठी स्थानिक लोकांची एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. १९९४ ते १९९७ या काळात, तुटत चाललेल्या लहानशा रानांत एकाकी अडकलेले सहा परिवार पकडून एका मोठ्या सलग रानात नेऊन सोडले गेले. ते रान १९९८ साली ‘उनियांव’ या नावाने राखीव करण्यात आले. २००२ साली ब्राझीलने वीस रिआइसची नवी नोट काढली, तिच्यावर या मर्कटाचे चित्र आले. २००३ साली प्राण्यांच्या जागतिक सूचीत त्यास ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून काढून एक पायरी खालच्या ‘संकटग्रस्त’ वर्गात घालण्यात आले. २०१४ साली संख्या सुमारे ३,७०० भरली. दोनशेवरून एवढी!

मग पीतज्वर आला.

२०१६ च्या अखेरीस ब्राझीलच्या आग्नेय भागात या तापाची मोठी साथ उसळली. हा ताप रानातील डासांमुळे पसरतो. माणसांस होतो तसा माकडांसही होतो, आणि माणसासाठी लस आहे, माकडासाठी नव्हती. २०१८ साली पहिले सोनेरी मर्कट या तापाने मेल्याचे सिद्ध झाले. वर्षभरात एकूण संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटून २,५०० च्या आसपास आली. जे पोसो दास आंतास क्षेत्र सर्वांत आधी राखले होते, तेथे तर जवळजवळ सर्व परिवार नाहीसे झाले. दुःखाची गोष्ट अशी की, कित्येक ठिकाणी लोकांनी भीतीपोटी माकडे दगडांनी व विषाने मारली. माकडच ताप पसरवते असा त्यांचा समज झाला. वास्तविक माकड ताप पसरवीत नाही. ते आधी मरते आणि मरून माणसास सावध करते. माकडे मारली म्हणजे डास उपाशी राहत नाहीत. उलट साथ आल्याची वर्दी देणारा पहारेकरी तेवढा नाहीसा होतो.

येथे आम्हांस आपल्या घरचे बोलल्यावाचून राहवत नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली व पाठोपाठ माणसे आजारी पडली. तोच आपला माकडताप. तो गोचिडीमार्फत येतो. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि त्यानंतर २०१६ साली दोडामार्गात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काजूच्या हंगामात बागेत वाकून बोंडू गोळा करणारी गरीब माणसे त्यात सापडली. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांच्या काजूच्या बागा त्या भागात आहेत. ‘माकडताप’ हे नावच असे पडले आहे की ऐकणाऱ्याचा राग माकडावर जावा. रानात वा बागेत मेलेले वानर दिसले तर त्यास हात न लावता तात्काळ आरोग्य केंद्रास किंवा वनखात्यास कळवावे. कामास जाताना अंग झाकणारे कपडे घालावेत, अंगास गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे आणि घरी आल्यावर गरम पाण्याने स्नान करावे. जिवंत माकडास दगड मारून यातले काहीच साधत नाही.

ब्राझीलमधील मंडळींनी साथीनंतर हात टेकले नाहीत. माणसांच्या लशीतूनच मर्कटांस झेपेल अशी मात्रा ठरवून ती आधी बंदिस्त माकडांवर अजमावली गेली. मग २०२१ पासून केळ्याचे आमिष ठेवलेल्या पिंजऱ्यांत रानातील मर्कटे धरून, एकेकास टोचून, पुन्हा त्याच झाडाखाली सोडण्याचे काम सुरू झाले. पहिल्या दोन-तीन वर्षांतच तीनशेहून अधिक मर्कटांस लस मिळाली. रानातील वन्य माकडांस पीतज्वराची लस टोचण्याचा हा पहिलाच प्रयत्न. काही विद्वानांनी निसर्गात एवढी ढवळाढवळ करावी काय असा प्रश्न केला. प्रश्न गैर नाही. पण ज्या प्राण्याचे रान माणसाने आठव्या हिश्श्यावर आणले, त्याच्याबाबतीत ढवळाढवळ कधीच होऊन चुकली आहे असे आमचे मत आहे. २०२३ साली संपलेल्या गणतीत संख्या सुमारे ४,८०० भरली; साथीपूर्वीच्याहूनही अधिक.

तरीही ही मंडळी निश्चिंत नाहीत, आणि त्याचे कारण आकड्यात दिसत नाही. ही ४,८०० मर्कटे एका सलग रानात नसून कुरणांनी व रस्त्यांनी तोडलेल्या अनेक तुकड्यांत वाटली गेली आहेत. सोनेरी मर्कट उघड्या कुरणावरून चालत जाण्यास फार भिते. शंभर पावलांचे गवत त्याला नदीसारखे वाटते. एका तुकड्यातील मुलामुलींस दुसऱ्या तुकड्यात जोडीदार शोधावयास जाता आले नाही तर चार-सहा पिढ्यांत सारे एकमेकांचे जवळचे नातलग होतात, आणि मग रोग वा दुबळेपणा आला की सर्वांसच येतो. म्हणून तुकड्यांस तुकडे जोडणाऱ्या झाडांच्या पट्ट्या लावण्याचे काम चालू आहे. त्यासाठी लागणारी रोपे त्या भागातील शेतकरी कुटुंबे आपल्या परसातील रोपवाटिकांत वाढवतात आणि विकतात, त्यामुळे घरखर्चासही हातभार लागतो.

सर्वांत मोठा अडथळा म्हणजे त्या खोऱ्यास मधोमध चिरीत जाणारा एकशे एक क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. तो रुंद करण्यात आला तेव्हा या मंडळींनी न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला, आणि २०२० साली रस्त्यावरून एक पूल बांधून पुरा झाला. या पुलावरून मोटारी जात नाहीत. त्यावर माती पसरून झाडे लावलेली आहेत, आणि खालून मालमोटारी धावत असताना वरून मर्कटांनी जावे अशी योजना आहे. झाडे वाढावयास मात्र त्यांचा काळ लागतोच.